पॉइंट नंतर मोज, आधी ट्रंकेतले कागद बाहेर काढ

तर तुझं असं आहे. वय २९, गाव निपाणीच्या बाजूला, बेळगावात बी.कॉम., मग सीए, मेंबरशिप घेऊन चार वर्षं झाली, सध्या उद्यमबागेतल्या एका कारखान्यात अकाउंट्स बघतोस. बायको बी.एस्सी. बी.एड., हायस्कूलला गणित शिकवते. एक एजंट अडीच लाख मागतोय आणि म्हणतोय सहा महिन्यांत ऑस्ट्रेलियाचा पीआर, म्हणजे तिथं कायमचं राहायचा व्हिसा, हातात. पैसे द्यावेत का, आणि अकाउंटंटला तिकडं खरंच स्कोप आहे का, हे दोन प्रश्न.

द्यायचे नाहीत. आत्ता तरी नाहीत. स्कोप आहे, पण एजंट सांगतोय तसा नाही.

मी पण असाच गेलो, बेळगावातनं ॲडलेडला, आता नऊ वर्षं होत आली. सीए आहे, तिथं टॅक्सच्या कामात आहे. मी एजंट नाही, आणि ऑस्ट्रेलियात रजिस्ट्रेशन नसताना दुसऱ्याच्या व्हिसाचं काम करणं गुन्हा धरतात, त्यामुळं तुझा फॉर्म काय मी भरून देणार नाही. माझं स्वतःचं आणि माझ्यामागनं आलेल्या पोरांचं जे जे झालं ते सांगतो, फी नि नियम दर जुलैला हलतात ते तू सरकारी साइटवर बघून घे.

पहिली गोष्ट, स्कील्ड मायग्रेशन म्हणजे नोकरी लागून जाणं नव्हे. यात कंपनी नसते, ऑफर लेटर नसतं. आधी तुझ्या पेशातली संस्था तुझं शिक्षण तपासते, त्याला स्कील असेसमेंट म्हणतात, अकाउंटंटसाठी अशा तीन संस्था आहेत, सीपीए ऑस्ट्रेलिया, सीए एएनझेड आणि आयपीए, तिघींपैकी एकीकडं गेलं की झालं. त्यासोबत इंग्रजीची परीक्षा, आयएल्ट्स ॲकॅडेमिक दिलीस तर चारही विभागांत ७ पाहिजे. मग स्कीलसिलेक्ट म्हणून सरकारी पोर्टल आहे तिथं नाव टाकून ठेवायचं, ते ईओआय, दोन वर्षं जिवंत राहतं. आणि वाट बघायची. त्यांनी बोलावलं तर ६० दिवसांत व्हिसाचा अर्ज, नाही बोलावलं तर नाही. बोलावणं कधी येणार हे कुणाच्या बापाला सांगता येत नाही, त्यामुळं सहा महिन्यांची गॅरंटी देणारा माणूस एकतर अडाणी आहे नाहीतर तुला अडाणी समजतोय.

वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी या सगळ्याचे पॉइंट असतात, ते ६५ झाले की ईओआय टाकता येतो. एजंट तेवढंच सांगतात. पण ६५ म्हणजे मंगल कार्यालयाच्या दारात उभं राहायची परवानगी, पंगतीत बसायची नव्हे. जनरल अकाउंटंटच्या रांगेत जगभरचे अकाउंटंट आणि तिथंच मास्टर्स करून थांबलेली पोरं सगळी एकत्र उभी असतात, त्यामुळं १८९ म्हणजे कुठल्याही राज्याच्या बांधिलकीशिवायचा जो पीआर आहे तिथं नव्वदच्या खाली आस ठेवण्यात अर्थ नाही.

तुझा हिशोब मी मांडला. वय २५ ते ३२ मध्ये आहे म्हणून ३०. डिग्रीचे १५. बाहेरचा अनुभव तीन वर्षं पुरा झाला की ५, पाचला १०, आठला १५, म्हणजे तुला आत्ता ५. इंग्रजी आयएल्ट्स ८ च्या तोडीचं आलं तर २०, ७ चं आलं तर १०. बायकोचं इंग्रजी ६ च्या तोडीचं निघालं तर ५. मराठीची एक परीक्षा असते तिचे ५, त्यावर खाली येतो. सगळं जमलं तर ८०. राज्यानं नॉमिनेट केलं तर १९० व्हिसाला वर ५, आणि ४९१ ला वर १५ म्हणजे ९५. हे ४९१ म्हणजे पाच वर्षांचा तात्पुरता व्हिसा, सिडनी मेलबर्न ब्रिस्बेन सोडून राहायचं आणि तीन वर्षांनी पीआरला अर्ज करायचा. रीजनल म्हटलं की आपली माणसं घाबरतात, जांबोटीच्या जंगलात नेऊन सोडणार असं वाटतं, पण ॲडलेड आणि पर्थसुद्धा त्यात धरतात, मी स्वतः तिथंच राहतो.

आता यातली गंमत बघ. पुढच्या वर्षी तुझा अनुभव पाच वर्षांचा होतोय, म्हणजे काही न करता ५ पॉइंट वाढणार, आणि वयाचे ३० काही ३३ लागेपर्यंत कमी होत नाहीत. म्हणजे तुला घाई नाहीच आहे. घाई एजंटला आहे.

पण हे पॉइंट कागदावर तेव्हाच खरे होतात जेव्हा मागं कागद असतो, आणि आपल्याकडची पोरं अडकतात ती इथं. इंग्रजीत कमी आणि कागदात जास्त, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता कुणी फोन केला की पहिलं हेच विचारतो, ट्रंकेत काय काय आहे ते सांग.

माझं पहिलं अनुभवाचं पत्र मी अजून जपून ठेवलंय. ज्या फर्ममध्ये होतो तिथले सर, माणूस सोन्यासारखा, स्वतः कीबोर्डवर बसून एका बोटानं टाइप करून दिलं. हा मुलगा प्रामाणिक, कष्टाळू आणि आज्ञाधारक आहे, त्याचं भवितव्य उज्ज्वल होवो, अशा अर्थाच्या इंग्रजीत चार ओळी, खाली जांभळा गोल शिक्का. मला इतका आनंद झालेला की मी कुंदा घेऊन गेलो ऑफिसला. त्या पत्रात मी काय काम करतो याचा एक शब्द नव्हता. आठवड्याचे तास नाहीत, पगार नाही, कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत ते नाही. दुसऱ्यांदा गेलो आणि पगार लिहा म्हटलं तर सरांचा चेहरा उतरला, कारण पगार पाकिटातनं मिळायचा. बँकेत एक रुपया नाही. आणि मी रिटर्न भरत नव्हतो, उत्पन्न लिमिटच्या खाली म्हणून. अख्ख्या खडेबाजाराचे रिटर्न भरून देणारा मी आणि माझं स्वतःचं रिटर्न नाही! तीन वर्षांतलं शेवटचं एक वर्ष काय ते धरता आलं, बाकीची दोन वर्षं माझ्या लेखी झाली, त्यांच्या लेखी झालीच नाहीत. दुसऱ्या नोकरीत तेवढी वर्षं परत काढावी लागली.

तुझा कारखाना पगार बँकेत देतो का, पीएफ कापतो का, फॉर्म १६ मिळतो का हे आजच बघ. तिन्ही असेल तर तू अर्धा जिंकलास. पत्र कंपनीच्या लेटरहेडवर पाहिजे, हुद्दा, तारखा, तास, पगार, सही करणाऱ्याचं नाव नि फोन, आणि मुख्य म्हणजे काम काय ते. काम लिहिताना अकाउंट्स बघतो एवढं लिहून चालत नाही. महिनाअखेरचं क्लोजिंग करतो का, जीएसटी रिटर्न, टीडीएस, स्टॉकचं व्हॅल्युएशन, कॉस्टिंग, बँकेला द्यायचं स्टॉक स्टेटमेंट, स्टॅट्युटरी ऑडिटची तयारी, बजेट, असं स्पष्ट. कारण तिकडं अकाउंटंट वेगळा आणि बुककीपर वेगळा. पत्र वाचून समोरच्याला वाटलं की हा दिवसभर टॅलीत एंट्र्या मारतो तर तो बुककीपर, आणि ते काम अकाउंटंटचं म्हणून धरत नाहीत. अकाउंटंटमध्येही तीन कोड आहेत, जनरल २२११११, मॅनेजमेंट २२१११२, टॅक्सेशन २२१११३, ऑडिटरचे आणखी वेगळे. तू कारखान्याचं कॉस्टिंग करत असशील तर मॅनेजमेंट अकाउंटंट तुला जास्त शोभेल, पण ते काम बघून ठरव, कुणाला काय मिळालं ते बघून नको.

आर्टिकलशिपची, म्हणजे सीएच्या हाताखाली शिकत काढलेली, वर्षं मोजू नकोस. ती ट्रेनिंग, शिक्षण पुरं व्हायच्या आधीची, अनुभवात येत नाही. खूप जणांचा हिशोब इथंच चुकतो.

आणि मागची तारीख टाकून पत्र करून घेणं, चुलत्याच्या दुकानात मॅनेजर होतो असं लिहून घेणं, हे अजिबात करू नकोस. ४०२० म्हणून एक नियम आहे त्यांच्याकडं, खोटा कागद सापडला की अर्ज तर गेलाच, वर तीन वर्षांची बंदी. आणि ते फोन करतात, नुसतं ईमेल नाही. लँडलाइनवर फोन आला आणि उचलणाऱ्यानं कोण हो हा, आमच्याकडं नाही असं म्हटलं की संपलं.

नावाचं प्रकरण तर आपल्या सीमाभागातल्यांची खास मिरासदारी आहे. एसएसएलसीच्या, म्हणजे दहावीच्या, मार्क्स कार्डवर आडनाव आधी, मग नाव, मग वडिलांचं एक अक्षर. डिग्रीवर नाव आधी. पॅनवर वडिलांचं पूर्ण नाव मधे. जन्माचा दाखला कन्नडमध्ये आणि त्यात आडनावच नाही. पासपोर्टवर आडनावाची चौकट मोकळी, सगळं एका ओळीत कोंबलेलं. आपल्याला यात काही वाटत नाही, तिकडच्या माणसाला ही पाच वेगळी माणसं दिसतात. पासपोर्ट आधी दुरुस्त कर, कारण पुढचं सगळं पासपोर्टवर चालतं, मग बाकीच्या कागदांसाठी ही सगळी नावं एकाच माणसाची असं ॲफिडेव्हिट नोटरीकडनं करून घे. कन्नड दाखल्याचं इंग्रजी भाषांतर लागणार. गावाच्या नावाचंही तेच, १ नोव्हेंबर २०१४ पासून बेळगावचं सरकारी नाव बेळगावी झालं, त्यामुळं जुन्या कागदावर एक आणि नव्यावर एक. १ नोव्हेंबरचं बाकीचं, सीमावादाचं काही आपण इथं काढायला नको, पण फॉर्ममध्ये जन्मगाव पासपोर्टवर आहे तसंच लिही, भावना बाजूला ठेव.

ट्रान्सक्रिप्टचं, म्हणजे युनिव्हर्सिटीकडनं मिळणाऱ्या सगळ्या मार्कांच्या एकत्र यादीचं बघ. राणी चन्नम्मा युनिव्हर्सिटी २०१० ला झाली, तुझी डिग्री तिथली असणार, म्हणजे बेळगावाजवळच काम होईल. माझ्या बॅचला धारवाड. कर्नाटक युनिव्हर्सिटीच्या पावटेनगरला मी तीन खेपा घातल्या, एकदा चलन चुकलं, एकदा क्लार्क रजेवर, तिसऱ्यांदा बंद लखोटा हातात आला आणि बसमध्ये झोप लागू नये म्हणून तो छातीशी धरून उभा राहून आलो. मार्क्स कार्डवर फक्त विषयाची नावं असतात, असेसमेंटवाल्यांना त्यात काय शिकवलं ते बघायचं असतं, म्हणून सिलॅबस पण घे. आयसीएआय, म्हणजे आपली सीएंची संस्था, तिच्याकडनं मेंबरशिपचं गुड स्टँडिंगचं पत्र आणि मार्कांचे कागद वेगळे मागव. तीन वर्षांच्या बी.कॉम. पेक्षा तुझं सीए तिथं जास्त वजनदार ठरतं, म्हणून नुसत्या बी.कॉम. वर अर्ज करून सीए मागं ठेवायचा शहाणपणा कुणी सांगितला तर ऐकू नको.

इथं एक घोळ सगळेच घालतात. आयसीएआयचा सीपीए ऑस्ट्रेलिया आणि सीए एएनझेडशी करार आहे, त्यावर तुला त्यांची मेंबरशिप सोपी पडते. पण मेंबरशिप वेगळी आणि मायग्रेशनसाठीचं असेसमेंट वेगळं. मेंबर झालास म्हणून असेसमेंट झालं असं नाही, आणि असेसमेंट पास झालास म्हणून नावापुढं सीपीए लावता येत नाही. दोन अर्ज, दोन फिया. मेंबरशिप तिकडं नोकरी शोधताना कामाला येते, तेव्हा घे.

आता मराठीची परीक्षा. नाटी म्हणून तिथली संस्था आहे, तिची सीसीएल टेस्ट, मराठीतही देता येते आणि कन्नडमध्येही. दोन संभाषणं ऐकवतात, एक माणूस इंग्रजी बोलतो एक मराठी, तू मधे दुभाषी, थोडं थोडं ऐकून लगेच दुसऱ्या भाषेत सांगायचं. ९० पैकी ६३ पाहिजेत आणि प्रत्येक संभाषणात ४५ पैकी किमान २९. मला वाटलं मराठी काय, आईच्या दुधातनं आली. सरावाला स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून ऐकला तर मी म्हणत होतो, पेशंट डॉक्टरची वाट बघूलाय. बघूलाय! घरात बोलतो ते तोंडात असं बसलेलं. बरं ते एकवेळ चालवून घेतील, पण विमा, हप्ता, भाडेकरार, तक्रार, जामीन, पाठपुरावा, लसीकरण असले शब्द सटासट आले पाहिजेत, आणि आपण बेळगावात निम्मे शब्द इंग्रजी नि कन्नडमधनं उचलतो. महिनाभर रोज मराठी पेपर मोठ्यानं वाच, पुढारी, तरुण भारत, काय मिळेल ते, आणि बायकोला इंग्रजी वाक्यं वाचायला लावून तू मराठीत सांग. पाच पॉइंटला इतकी स्वस्त परीक्षा दुसरी नाही.

इंग्रजीचं जास्त सांगत नाही, क्लास गल्लोगल्ली आहेत. मला लेखनात ६.५ वर दोनदा अडकवलं, मग पीटीई म्हणून दुसरी इंग्रजीची परीक्षा दिली. कॉम्प्युटरवर बोलायला लाज वाटत नसेल तर ती बरी पडते.

पैशाचं स्पष्ट सांगतो. व्हिसाची मुख्य अर्जदाराची फी पाच हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास, म्हणजे तीन लाखांच्या घरात, बायकोची साधारण त्याच्या निम्मी. बायकोचं इंग्रजी कामचलाऊ आहे हे दाखवता आलं नाही तर तिच्यासाठी जवळजवळ पाच हजार डॉलर आणखी भरावे लागतात, हे एजंट शेवटी सांगतात. बी.एस्सी. इंग्रजीतनं झाली असं कॉलेजचं पत्र आजच आणून ठेव, फुकटात मिळतं. असेसमेंट, परीक्षा, पोलीस क्लिअरन्स, मेडिकलला बेंगळुरू नाहीतर मुंबई, तिकीट, आणि तिकडं नोकरी लागेपर्यंतचे चार-सहा महिने खायचे पैसे. या सगळ्यात एजंटचे अडीच लाख कुठं बसतात ते तू सीए आहेस, तूच बघ. तरी माणूस पाहिजेच असेल तर त्याला मारा नंबर, म्हणजे एजंटचा रजिस्ट्रेशन नंबर विचार, सात आकडी असतो, ओमारा म्हणून एजंटांची नोंद ठेवणारं तिथलं सरकारी ऑफिस आहे, त्याच्या साइटवर टाकला की नाव येतं. आमचा पार्टनर तिकडं रजिस्टर्ड आहे असं उत्तर आलं तर त्या पार्टनरशीच बोलायला दे म्हण.

उतरल्यावरचं पण ऐकून ठेव. तुझं सीए तिकडं कुणी वाईट म्हणणार नाही, पण लोकल एक्स्पीरियन्स विचारतील. मी पहिले सात महिने अकाउंट्स पेएबलमध्ये बिलं चढवली, इकडं माझ्या हाताखाली चार आर्टिकल होते. झेरो आणि एमवायओबी ही सॉफ्टवेअरं इथनंच शिकून जा, टॅली तिकडं कुणाला माहीत नाही. टॅक्स वर्ष जुलै ते जून. त्यांचा जीएसटी एकाच दराचा, १०%, १ जुलै २००० ला आला, आपला १ जुलै २०१७ ला, तारीख तीच आणि दुखणी बरीचशी तीच, त्यामुळं त्यांचं बीएएस म्हणजे जीएसटीचं रिटर्न तुला महिन्याभरात जमेल, आपल्या जीएसटी पोर्टलनं जे सोसायला शिकवलंय त्यापुढं ते काहीच नाही. पगारावर मालकानं भरायचं सुपर, म्हणजे आपल्या पीएफसारखं, आता १२% आहे, त्याचं गणित पाठ कर, इंटरव्ह्यूत हमखास येतं. मात्र टॅक्स प्रॅक्टिशनर्स बोर्डाचं रजिस्ट्रेशन नसताना ओळखीच्यांचे रिटर्न पैसे घेऊन भरून देऊ नकोस, सुरुवातीला मोह फार होतो. आणि बॅगेत कुंदा नेऊ नको. दुधाचे पदार्थ भारतातनं चालत नाहीत, मी डिक्लेअर केला म्हणून दंड वाचला, पण एक किलो कुंदा माझ्या डोळ्यांदेखत पिवळ्या डब्यात गेला.

कॅनडाचं म्हणशील तर, तिथं एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे त्यांच्या पॉइंटच्या रांगेत, आता ठराविक पेशांना वेगळं बोलावतात आणि अकाउंटंट त्यात नाही, नोकरीच्या ऑफरचे जादा पॉइंट पण मार्च २०२५ पासून काढले. इंग्लंडला मालक स्पॉन्सर पाहिजे, तो रस्ताच वेगळा.

आता खरं जे सांगायचंय ते. तू सगळा प्रश्न स्वतःवर लिहिलास, बायको एका ओळीत संपवलीस. हायस्कूलला गणित शिकवणारी बाई! अकाउंटंटपेक्षा शिक्षकांची त्यांना जास्त गरज आहे, राज्यं मागं लागलेली असतात, आणि तिला मुख्य अर्जदार करून तू पार्टनर म्हणून गेलास तर तुझं असेसमेंट तिच्या फाइलला १० पॉइंट देतं. तिचं असेसमेंट एआयटीएसएल ही शिक्षकांसाठीची तिथली संस्था करते. चार वर्षांचं उच्च शिक्षण पाहिजे, ते बी.एस्सी. बी.एड. मध्ये बसतं. इंग्रजी कडक आहे, आयएल्ट्स वाचन-लेखनात ७ आणि ऐकणं-बोलण्यात ८, मराठी माध्यमात शिकवणारीला सहा-आठ महिने तरी घासावं लागेल, पण ती गणिताची आहे, सरावाला कंटाळणारी नसणार. आणि एक अट आहे जी सगळे विसरतात, बी.एड. मध्ये देखरेखीखाली किमान ४५ दिवस प्रत्यक्ष वर्गावर शिकवलेलं पाहिजे, आणि ते कॉलेजनं लेखी द्यायला पाहिजे. ते पत्र तिच्या कॉलेजातनं निघतंय का बघ, लेसनच्या फाइली टाकून दिल्या नसतील तर त्या पण काढून ठेवायला सांग, आणि दिवस किती भरतात ते मला कळव, मग तुझं आधी की तिचं ते बोलू.